दर दोन तासांनी

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे अर्धा सिनेमा पाहिला. उरलेला अर्धा मी अजून पाहिला नाही आणि पाहणारही नाही.

सकाळचे आठ वाजून गेले होते. तिचं अंग पुसून झालं होतं, लघवीची थैली रिकामी करून झाली होती, चहात बुडवून दोन टोस्ट चारले होते. तीन दिवसांपासून तिला सर्दी होती, छातीत घरघर होती, म्हणून उशी जरा उंच केली होती. आमची एकच पोरगी, पुसदला दिलेली. तिनं मोबाईलवर सिनेमा पाठवला आणि फोन करून सांगितलं, "आई, तुह्यासारख्याच बाईचा सिनेमा हाये. पाह्य, चांगला हाये."

"माह्यासारख्या बाईचा?" ही म्हणाली. "मंग त्यात पाहाचं काय? पडून असन ते."

पण पाहायचा होताच तिला. मोबाईल दाखवायची माझी एक सोय होती. वरच्या लाकडाला सुतळी बांधून तिच्या टोकाला बांबूची चिमटी केली होती, तिच्यात मोबाईल अडकवायचा. तो तिच्या तोंडासमोर हातभर अंतरावर लोंबत राहायचा. वारा आला की गोल फिरायचा. मग ती ओरडायची, "अवो, हिरोईन भितीकडं चालली, धरा तिले!" मी हातातलं काम टाकून मोबाईल सरळ करायचो.

नऊ वर्षं ती मानेखाली लुळी होती. डोकं तिचं होतं, जीभ तर पहिल्यापेक्षा जास्त तिची होती. बाकी सगळं अंग माझ्या हवाली होतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाही तर कातडी सडते. हे दवाखान्यातल्या नर्सबाईनं मला शिकवलं आणि पोरीनं माझ्या मोबाईलमध्ये दर दोन तासांचा अलार्म लावून दिला. सहाचा, आठचा, दहाचा, बाराचा, असा चोवीस तास. तो बंद कसा करायचा हे मी कधी शिकलो नाही. गरजच नव्हती.

सिनेमा हिंदी होता. मोठ्या शहरातली एक मास्तरीण पलंगावर पडलेली. पांढऱ्या चादरी, काचेच्या खिडक्या, नवरा देखणा. ही पाहत होती आणि तोंड चालू होतं.

"हिच्या घरात एकबी माशी नाई. नाकावर माशी बसली असती त समजलं असतं हिले."

"सिनेमा हाये तो," मी म्हणालो.

"अन् हिची थैली कुठं हाये? दाखवूनच नाई राह्यले. हे बाई मुतत नाई का काय?"

मी हसलो. नवरा खिडकीत उभा राहून रडत होता आणि मागं पेटी वाजत होती.

"किती येळचा रडून राह्यला तो. कूस बदलली का त्यानं तिची? कंबरेले फोड आला असन बिचारीच्या. तुमी असे खिडकीत रडत राह्यले असते, त मी कवाच सडली असती."

नऊ वर्षांत तिनं माझं केलेलं कौतुक ते एवढंच. मी ते जपून ठेवलं आहे.

आता ती कशी पडली ते सांगावं लागेल, नाही तर पुढचं कळायचं नाही.

नऊ वर्षांपूर्वी, पहिली वेचणी घरात आली होती. अंगणात ट्रॅक्टरची ट्रॉली लावून कापूस भरत होतो. कापूस भरताना वर चढून कोणीतरी तुडवावा लागतो, म्हणजे तो दबतो आणि जास्त मावतो. हे काम तिचं. अंगानं हलकी होती आणि पाय कुठं टाकायचा हे तिला बरोबर कळायचं. त्या दिवशी कापूस फळीच्या वर कमरेएवढा चढला होता. कडेला तिनं पाय दिला आणि तिथला कापूस खाली गेला. ती पाठीवर पडली, मान अंगणातल्या दगडावर.

"पायाले मुंग्या आल्या," ती म्हणाली. "उठता नाई येऊन राह्यलं. उचला मले."

आम्ही चौघांनी तिला हात-पाय धरून उचललं. गोणी उचलतात तशी. त्या दिवशी दारव्ह्याचा बाजार होता, चौकात जीप भरत होती. कोणी म्हणालं नस चढली, कोणी म्हणालं मणका सरकला. दवाखान्याचं नाव कोणीच काढलं नाही, मीही नाही. रस्त्यातच सहा किलोमीटरवर हाडं बसवणारा होता. आमच्याकडं कोणाचंही हाड सरकलं, नस चढली, मान अवघडली, की त्याच्याकडंच जायचं. बापापासून त्याची ती विद्या. पैसे घेत नसे, फक्त नारळ घ्यायचा, आणि बसायचा बाजाराच्याच दिवशी. आम्हाला वाटलं, नशीब चांगलं, नेमका आज बाजार आहे.

जीपवाल्याला मी जरा थांबवलं. अंगणात सांडलेला कापूस आत टाकला, खोलीला कडी घातली, मग निघालो. हे लक्षात ठेवा.

जीपमध्ये तिला बसवली. हो, बसवली. एका बाजूनं मी, एका बाजूनं एक बाई, मध्ये ती. समोर माझे मोठे भाऊ बसले होते. आता ते नाहीत. जीप चालू झाली आणि वाऱ्यानं तिचा पदर खाली आला. समोर जेठ, म्हणजे तिचे मोठे दीर, बसलेले. तिनं उजवा हात वर केला आणि पदर डोक्यावर घेतला. स्वतःच्या हातानं. हेही लक्षात ठेवा.

हाडं बसवणाऱ्याच्या अंगणात लिंबाचं झाड आहे. खाली पोतं टाकलेलं. त्यावर तिला बसवली. तो मागं उभा राहिला. एक हात हनुवटीखाली, एक डोक्याच्या मागं. मला म्हणाला, "समोर बस अन् दोन्ही खांदे दाबून धर. हालू देऊ नोको."

मी धरले. मी ताकदीचा माणूस होतो, चांगले दाबून धरले.

त्यानं ओढली. कट्‌ आवाज आला. "बसली," तो म्हणाला.

तिचा हात पदराला होता. तो खाली घसरला आणि पोत्यावर जाऊन पडला, तळवा वर करून. ती माझ्याकडं पाहत म्हणाली, "माहा हात कुठं गेला?"

दुसऱ्या दिवशी तिला यवतमाळला मोठ्या दवाखान्यात नेली. तिथं महिना गेला. परत आणली तेव्हा ती अशीच होती, मानेखाली काही नाही. मी हाडं बसवणाऱ्याकडं गेलो, विचारायला. तो म्हणाला, "तुमी उशीर केला. अर्धा तास आंधी आनली असती, त आज चालत असती."

अर्धा तास. माझ्या डोळ्यांसमोर अंगणात सांडलेला कापूस आला. ती खोली आणि ती कडी. नऊ वर्षं मी तो अर्धा तास छातीवर घेऊन उठलो आणि छातीवर घेऊन झोपलो. तिची कूस बदलताना तोच. तिला घास भरवताना तोच. तो कापूस मी विकला, पण त्यानंतर घरात पुन्हा कापूस भरला नाही, वावरात सोयाबीन टाकू लागलो. आणि त्या माणसाला? त्याला मी चांगलाच समजत राहिलो. माझ्या साळ्याचा खांदा निखळला तेव्हा मीच त्याला तिथं घेऊन गेलो, नारळ घेऊन. गावात तो सगळ्यांना सांगत फिरायचा, फलाण्याची बायको फुकट गेली, त्यानं कापूस आवरला म्हणून. मी मान खाली घालायचो. खरंच आहे म्हणायचो.

आता सिनेमाकडं येतो.

अर्ध्यावर आला तेव्हा ती मास्तरीण कशी पडली ते दाखवलं. शाळेत माळा बांधायला शिडीवर चढते आणि शिडी सरकते. पोरं धावतात, मास्तर धावतात. चार जण हात-पाय धरून उचलायला वाकतात. तेवढ्यात गेटजवळचा चौकीदार ओरडत येतो, हात लावू नका, मान हलवू नका, हलवली तर जन्माची जाईल. आणि तो तिच्या डोक्याशी गुडघे टेकतो, दोन्ही हातांमध्ये तिचं डोकं धरून बसतो. नुसतं धरून. ओढत नाही, वळवत नाही. गाडी येते, गळ्यात पट्टा बांधतात, फळीवर सरळ झोपवून नेतात. पुढं दवाखान्यात डॉक्टर म्हणतो, हात वाचले, कारण मान कोणी हलवली नाही.

मी मोबाईल मागं सरकवला आणि पुन्हा पाहिलं. मग पुन्हा. तिच्याकडं पाहिलं. ती सिनेमा पाहत नव्हती, माझ्याकडं पाहत होती.

"जीपमंदी तू पदर घेतलता," मी म्हणालो.

"हो."

"हातानं."

"हातानंच घेत असते पदर."

"मंग त्यानं ओढली अन्..."

"मले माहीत हाये."

"काय माहीत हाये?"

"सगळं. यवतमाळले डॉक्टरनं मले सांगतलं होतं. तुमी चाहा आनाले गेलते. डॉक्टर म्हने, पडली तवा हात शिल्लक होते, मान ओढली तवा गेले."

नऊ वर्षं! मी म्हणालो, "मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तुमी काय केलं असतं?"

"खांडोळी केली असती त्याची."

"तेच म्हनलं मी. तुमी जेलात गेले असते. मंग माही कूस कोन बदलली असती? पुसदवरून पोट्टी येनार होती का दर दोन तासांनी?"

असं बोलायची ती. मला राग आला तिचा, खरं सांगतो. म्हणालो, "अन् मी नऊ वर्ष त्या कापसाले रडत राह्यलो ते?"

ती म्हणाली, "ते चुकलं माहं. पन दुसरं बी एक होतं. खांदे कोनं धरले होते?"

मी माझ्या हातांकडं पाहिलं.

"तुमाले समजलं असतं त तुमी सोताच्याच हाताचा राग केला असता. मले त्याच हातानं उचलाचं होतं ना तुमी, रोज."

मोबाईल फिरला, भिंतीकडं तोंड करून राहिला. तिनं सांगितलं नाही, मी सरळ केला नाही. तेवढ्यात त्याच्यातच दहाचा अलार्म वाजला. मी उठलो, तिचे खांदे धरले, तिची कूस बदलली. हात पहिल्यांदाच अवघडल्यासारखे झाले.

"ऐका," ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "आता समजलं तुमाले. म्हनून सांगून ठेवते. त्याच्या अंगाले हात लावू नोका. हे हात माह्या अंगाले लागलेले हाये. त्याच्या अंगाले लावाचे नाई. घ्या आन."

"घेतली," मी म्हणालो.

"माही घ्या."

"तुही घेतली."

"बाकी काय कराचं ते करा." असं म्हणून ती चक्क हसली. "उरलेला जेवल्यावर पाहू. तो चौकीदार आवडला मले. त्या रडक्या नवऱ्यापेक्षा बरा."

जेवणात तिनं वरण-भाताचे चार घास घेतले. बाराला मी कूस बदलली. साडेबाराला खोकला आला. तिला खोकता येत नसे. फासळीखाली दोन्ही तळवे ठेवून मी दाबायचो, मग कफ वर यायचा, मी बोटानं काढायचो. नऊ वर्षांत शेकडो वेळा केलं असेल. त्या दिवशी दाबलं, पुन्हा दाबलं, काही वर आलं नाही. तिचे डोळे माझ्यावर होते. शेजारी धावले, कोणी गाडीला फोन लावला. गाडी येईपर्यंत ती गेली होती. बास, याच्यावर मी जास्त लिहिणार नाही.

पोरगी चार वाजता आली. दिवस बुडायच्या आत सगळं आटोपलं. म्हाताऱ्या बायांनी मला सांगितलं, तिची गादी, चादरी, उशी आजच पांदणीच्या, म्हणजे वावराकडच्या वाटेच्या, पलीकडं टाकून ये. आमच्याकडं मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत, शिवेबाहेर टाकतात. तिथून जाणारा माणूसही बाजूनं जातो, ओलांडत नाही.

"उद्या टाकतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाचा अलार्म वाजला. मी उठून पलंगापाशी गेलो. पलंगावर गादी होती. मी तिथं थोडा वेळ उभा राहिलो आणि मला आठवलं की आज बाजार आहे.

कोपऱ्यातून कुऱ्हाड काढली. धार पाहिली. पोरगी दारात उभी होती.

"बाबा, ते कायले पायजे?"

तिला मी रात्रीच सगळं सांगितलं होतं, आईच्या आणेसकट. ती माझ्याजवळ आली नाही, कुऱ्हाड ओढून घेतली नाही. नुसती म्हणाली, "आईची आन घेतली ना तुमी?"

"हाताची घेतली. कुऱ्हाडीची नाई."

"बाबा!"

मी कुऱ्हाड परत कोपऱ्यात ठेवली. पोरीच्या भीतीनं नाही. कुऱ्हाडीचा दांडा हातातच धरावा लागतो, म्हणून. ती मेली तरी मला ऐकू येत होती, काय म्हणाली असती ते. "दांडा कायनं धरता वो, पायानं?"

मग माझं लक्ष गादीकडं गेलं.

तिची चाकाची खुर्ची होती, शिबिरात मिळालेली. कापसाच्या दोरानं मी गादीची वळकटी बांधली, खुर्चीत बसवली, वर उशी, वर चादरी. पोरगी म्हणाली, "पांदन त इकडं हाये."

"मी दारव्ह्याच्या रोडनं चाललो."

तिला समजलं. "बाबा, सुतकात कोनाच्या दारी जात नसतात."

"म्हनूनच जाऊन राह्यलो."

ती आडवी आली नाही. तिनं मला पाण्याची बाटली दिली. तीही तिच्या मायचीच आहे.

सहा किलोमीटर खुर्ची ढकलली. रस्ता डांबरी असला तरी खड्डे आहेत, पुढची चाकं अडकायची. आठचा अलार्म खिशात वाजला. पाय थांबले, मग चालू लागले. मागून बाजाराची जीप आली. जीपवाला ओळखीचा, त्याला कालचं माहीत होतं. त्यानं काच खाली केली. "काका, कुठं? बसा ना."

"हे बी घेऊन बसू का?"

त्यानं गादी पाहिली आणि जीप पुढं काढली. थोडं जाऊन पुन्हा थांबला आणि डोकं बाहेर काढून ओरडला, "काका, काही उलटंसुलटं करू नोका बरं!"

"सुलटंच करून राह्यलो!" मी ओरडलो.

हाडं बसवणाऱ्याच्या अंगणात पंधरा-वीस माणसं बसली होती. नारळ पुढ्यात ठेवून, नंबर लावून. तेच लिंबाचं झाड, तसंच पोतं. तो म्हातारा झाला आहे, माझ्याहून म्हातारा. पोत्यावर एक तरुण बाई होती, मान एका बाजूला अवघडलेली. तिची सासू समोर बसून तिचे खांदे धरायच्या तयारीत. तो मागं उभा राहिला होता, हात हनुवटीखाली जाणार होता.

मी खुर्ची थेट पोत्यापर्यंत नेली. दोर सोडला. गादी खाली टाकली आणि पसरली, त्याच्या पायांजवळ. वर उशी ठेवली. चादर अंथरली.

"नंबर लावा," तो म्हणाला. "काय दुखते?"

"हे माह्या बायकोचं अंथरून हाये. काल मेली ती. काल संध्याकाळी जाळली."

पहिल्यांदा सासू उठली. सुनेचा दंड धरून तिनं तिला पोत्यावरून ओढूनच काढलं. मग बाकीचे उठले. कोणी नारळ उचलला, कोणी तसाच सोडला. मेलेल्याचं अंथरूण ज्या अंगणात पडलं, तिथं बसून कोण हाडं बसवून घेणार? सगळे फाटकाकडं सरकले, पण गेले नाहीत. तिथून पाहत उभे राहिले.

त्यानं मला डोळे बारीक करून पाहिलं आणि ओळखलं. मला वाटलं, आता काहीतरी दुसरं बोलेल. नऊ वर्षं झाली, माणूस दुसरं बोलू शकतो. पण तो लोकांकडं पाहून म्हणाला, "यानं उशीर केलता. मी तवाच सांगतलं होतं. कापूस आवरत बसला हा, अन् बायको वाया गेली."

तेच. शब्दाला शब्द.

"जीपमंदी तिनं पदर घेतला," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो, फाटकापर्यंत जाईल असं. "उजव्या हातानं. डोक्यावर. माह्या भावाले पाहून. तुह्या पोत्यावर बसली तवाबी तो हात पदराले होता. तू मान ओढली अन् तो हात पडला. यवतमाळच्या डॉक्टरनं तिले सांगतलं. तिनं मले काल सांगतलं. नऊ वर्ष मी तुह्या अर्ध्या तासाले रडलो."

"माह्या बापापासून..." तो म्हणू लागला.

"तुह्या बापाचं मले सांगू नोको."

फाटकाजवळची ती सासू मध्येच बोलली. डोक्यावर पदर घट्ट, आवाज करडा. "अन् दादा, तुमी काय करून राह्यले होते तवा? तुमी नव्हते का संगं?"

मला ठाऊक होतं, कोणीतरी हे विचारणार. सहा किलोमीटर मी हाच प्रश्न ढकलत आणला होता.

"मी खांदे धरले होते," मी म्हणालो. "तुमी आता सुनेचे धरून राह्यले होते ना, तसेच. यानं सांगतलं हालू देऊ नोको, मी हालू नाई देली."

सासूनं सुनेकडं पाहिलं. मग तिनं विचारलं, "मंग हिले कुठं नेऊ?"

"दवाखान्यात. अन् बसवून नेऊ नोका, झोपवून न्या."

ती गेली. तिच्यामागं दोघं-तिघं गेले. हाडं बसवणारा ते जाताना पाहत होता. त्याचा एक हात अजून हवेतच होता, हनुवटीखाली जायच्या जागी. मग तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मारायचं त मार मले. मी काई बोलत नाई. पन हे उचल माह्या दारातून. लोक येनार नाई पुन्हा."

"मारत नाई," मी म्हणालो. "हात लावायचा नाई म्हने ती तुले."

"मंग उचल हे."

"तू उचल. तुहं अंगन हाये."

तो उचलणार नव्हता, मला माहीत होतं. दुसऱ्याच्या मेलेल्या माणसाचं अंथरूण कोणी उचलत नाही. त्यानं आत आवाज दिला, कोणी बाहेर आलं नाही. रस्त्यावरून जीपा जात होत्या, बाजाराला. अंगणापाशी हळू व्हायच्या, आतले लोक माना काढून पाहायचे, गादी पाहायचे, मला पाहायचे आणि जीप न थांबता पुढं जायची. प्रत्येक जीप पुढं गेली की मला बरं वाटायचं. हे मी लपवत नाही. काल माझी बायको जळाली आणि आज मला बरं वाटत होतं.

मी गादीच्या बाजूला, जमिनीवर बसलो. तो त्याच्या ओट्यावर बसला. दोघं म्हातारे, समोरासमोर. त्यानं एकदा डोळे पुसले. मी पाहिलं आणि नजर वळवली नाही. रड म्हटलं मनात. खिडकीत उभा राहून रड.

दहाचा अलार्म वाजला.

मी उठलो. गादीची दोन टोकं धरली, वर उचलली आणि ती पलटी केली. खालची बाजू वर आली. नऊ वर्षं तिच्या अंगाखाली असलेली ती बाजू, पिवळी, काळी, कमरेच्या जागी औषधाचा आणि पुवाचा डाग, फाटकाजवळच्या माणसाला दिसेल एवढा मोठा. चादर मी मुद्दाम बाजूला घेतली. उशी नीट ठेवली, तिला लागायची तशी, जरा उंच.

मग पुन्हा बसलो. बारा वाजायला अजून दोन तास होते.